मदत हवी आहे: मुलीला कोलंबियाला (न्यूयॉर्क) पाठवावं का? तिथल्या वातावरणाबद्दल सांगा

गोदाकाठ

नमस्कार, जय भीम.

इथे आठ-नऊ वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेकीला कोलंबिया विद्यापीठाच्या 'सिपा'त, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय आणि सार्वजनिक धोरणाच्या शाळेत, दोन वर्षांच्या एमपीएला (सार्वजनिक प्रशासनाच्या पदव्युत्तर पदवीला) प्रवेश मिळालाय. दुसरं पत्र मिशिगन विद्यापीठाचं, ॲन आर्बरचं. विषय जवळपास तोच. दोन आठवड्यांत होय की नाही ते कळवायचं आहे. पैशांचं गणित राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे, त्यावर इथे आधीच धागा आहे म्हणून इथे बोलत नाही.

आमच्या घरात कोलंबिया हे नाव आजोळच्या गावासारखं घेतलं जातं. माझे वडील औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तिथं गेले, सेलिग्मन आणि ड्युई यांच्यासारख्यांच्या हाताखाली शिकले, ही गोष्ट मी गणपतीच्या आरतीसारखी पाठ असलेल्या घरात वाढले. (उपमा चुकली असेल, पण शेजार तसा होता.) तिथल्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे आणि ते ग्रंथालय सिपाच्याच इमारतीत आहे, हे लेकीने शोधून काढलं. मग काय, बापलेकीने मिशिगनचं पत्र नीट वाचलंसुद्धा नाही.

काळजी एकटी मीच करतेय. मी होस्टेलला राहून शिकत होते तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे शेवटचे दिवस होते. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तो जल्लोष पाहिलाय, आणि त्याआधीचे बंद, संचारबंदीही पाहिली आहे. बंदची चाहूल लागली की बाबा सायकलवर न्यायला यायचे. विद्यापीठाच्या नावावरून माणसं जिवाला मुकलेली पाहिलेल्या पिढीची मी आहे. न्यूयॉर्कला सायकलवर जाता येत नाही.

मी वाचलं ते असं. एप्रिल २०२४ मध्ये गाझाच्या युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले, दुसऱ्याच दिवशी पोलीस आत बोलावले गेले, शंभरावर मुलं पकडली. पुन्हा तंबू लागले. ३० एप्रिलला हॅमिल्टन हॉल मुलांनी ताब्यात घेतला आणि त्याच रात्री पोलिसांनी तो रिकामा केला. मुख्य पदवीदान समारंभच रद्द झाला, ऑगस्टमध्ये अध्यक्षा मिनूश शफीक यांनी राजीनामा दिला. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने चाळीस कोटी डॉलरची अनुदानं थांबवली आणि त्याच आठवड्यात सिपातच नुकताच शिकून झालेला महमूद खलील याला विद्यापीठाच्या मालकीच्या घरातून उचललं. त्याच्याकडे तर ग्रीन कार्ड होतं. माझ्या लेकीकडे विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा असेल, तोही मिळाला तर.

ती आंदोलक वगैरे नाही. पण गप्प बसणारीही नाही. कॉलेजात वसतिगृहाच्या भत्त्यासाठी धरणं धरून बसली होती, त्याचे फोटो तिच्या इन्स्टाग्रामवर आहेत.

तेव्हा जे तिथे राहतात, शिकलेत, ज्यांची मुलं शिकतात त्यांनी सांगा: रस्त्यावर, रात्री वगैरे कसं आहे? आत गेल्यावर श्वास घेता येतो का, की सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात? आणि एखाद्या सभेत नुसतं उभं राहिलं तर काय होतं? "सगळीकडे सारखंच असतं" असं कृपया सांगू नका, ते माझी जाऊ सांगते.

खवचट_खान्देशी

मिशिगन. थंडी सोडली तर प्रश्न नाही.

गोदाकाठ

मिशिगनलाही तंबू होते की. मे २०२४ मध्ये पोलिसांनी उठवले.

खवचट_खान्देशी

मग जळगाव.

एक_नंबरची_गाडी

ताई, मी अकरा वर्षं मॅनहॅटनमध्ये आहे, त्यातली चार मॉर्निंगसाइड हाइट्सला, विद्यापीठापासून सहा ब्लॉकवर. रस्त्याचं मी सांगतो, राजकारणाचं बाकीचे सांगतील.

भाग चांगला आहे. ब्रॉडवेवर रात्री अकरालाही माणसं असतात, दुकानं उघडी असतात. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जेवढी भीती वाटेल तेवढीच. पण नकाशावर एक गंमत आहे ती लेकीला आत्ताच सांगून ठेवा. ११६वा स्ट्रीट नावाची सबवे स्टेशनं एकाहून जास्त आहेत. कोलंबियाच्या दारात थांबते ती १ नंबरची गाडी. २ आणि ३ नंबरच्या जलद गाड्या ९६व्या स्ट्रीटनंतर फाटा घेऊन हार्लेमच्या बाजूला जातात, तिथेही ११६ लिहिलेलंच स्टेशन येतं. नवीन माणूस हमखास तिथे उतरतो, फोनवर बघतो, "अरे, इथून सरळ पश्चिमेला चालत गेलं की झालं" म्हणतो आणि वाटेत मॉर्निंगसाइड पार्क लागतं. उतारावरचं, पायऱ्यापायऱ्यांचं बाग. दिवसा सुंदर. अंधार पडल्यावर त्यातून जायचं नाही, एवढा एक नियम. डिसेंबर २०१९ मध्ये शेजारच्या बर्नार्ड कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलीचा तिथे चोरीच्या प्रयत्नात खून झाला. २०२१ च्या डिसेंबरात कोलंबियाच्या एका पीएचडी विद्यार्थ्याला त्याच परिसरात भोसकून मारलं. घाबरवायला सांगत नाही, पण ९६ ला उतरून गाडी बदलायची, हे पाठ करून ठेवा.

दुसरं. अमेरिकेत १९९० चा क्लेरी कायदा आहे. एका विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला होता, तिच्या आईवडिलांनी लढून तो करवून घेतला. त्यामुळे जवळपास प्रत्येक विद्यापीठाला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांतले गुन्हे जाहीर करावे लागतात. 'ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट' म्हणून शोधा, कोलंबियाचा आणि मिशिगनचा शेजारी ठेवून वाचा. मात्र त्यात कॅम्पस, विद्यापीठाच्या इमारती आणि लगतचा रस्ता एवढंच धरतात. चार ब्लॉक पलीकडचं त्यात येत नाही.

आणि फाटक. पूर्वी ११६ व्या स्ट्रीटवरून कुणीही चालत आरपार जायचं, आम्ही भाजी घेऊन जायचो. एप्रिल २०२४ पासून ओळखपत्राशिवाय आत सोडणं बंद झालं, पाहुण्याचं नाव आधी नोंदवावं लागतं. तुम्ही भेटायला गेलात तर पुतळा बघायला लेकीला आधी तुमची नोंद करावी लागेल.

तळटीप

मी अमेरिकेत एका खासगी विद्यापीठातच पीएचडी करतोय, कोलंबिया नाही. काकू, तुम्ही विचारताय "सुरक्षित आहे का". माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे की मुलीला बाहेर कोण काढू शकतं आणि किती लवकर.

आपल्याला वाटतं अमेरिका म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य. ते संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीतलं स्वातंत्र्य सरकारपासून आहे. मिशिगन सरकारी विद्यापीठ, त्याला ते थेट लागू. कोलंबिया खासगी, म्हणजे तिथे तुम्ही कुठे, कधी, किती आवाजात निदर्शनं करायची ते विद्यापीठाची नियमपुस्तिका ठरवते. अभ्यासक्रमाचं पुस्तक सगळे वाचतात, ही पुस्तिका कुणी वाचत नाही. मार्च २०२५ मध्ये सरकारशी बोलणी चालू असताना कोलंबियाने नियम आणखी कडक केले: ओळख लपवायला मास्क चालणार नाही, विचारलं की ओळख पटवायची, आणि अटक करण्याचा अधिकार असलेले ३६ अधिकारी. मे २०२५ मध्ये बटलर ग्रंथालयात मुलं घुसून बसली, ऐंशीच्या आसपास पकडली गेली, आणि जुलैत सत्तरहून जास्त विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. बहुतेकांचं एक ते तीन वर्षांचं निलंबन, काहींची हकालपट्टी. त्याच आठवड्यात विद्यापीठाने सरकारशी तडजोड करून तीन वर्षांत वीस कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, शिवाय २.१ कोटी वेगळे.

आता निलंबन अमेरिकन मुलाचं झालं तर तो घरी जातो, आईकडून बोलणी खातो, वर्षाने परत येतो. एफ-१ वाल्याला पूर्णवेळ नाव दाखल असणं हाच व्हिसाचा पाया. निलंबन झालं की सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदीतून तो बाहेर, म्हणजे देशातून बाहेर. विद्यापीठाची शिक्षा एक, परिणाम दोन. त्यात तात्पुरतं निलंबन सुनावणीच्या आधीही होऊ शकतं.

आणि विद्यापीठाने काहीच केलं नाही तरी सरकार करू शकतं. मार्च २०२५ मध्ये कोलंबियाच्याच एका भारतीय पीएचडी विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला, ती आठवड्याभरात कॅनडाला निघून गेली. २०२४ मध्ये हॅमिल्टन हॉलच्या रात्री तिला गर्दीत पकडून समन्स दिलं होतं, ते पुढे रद्दही झालं होतं. तिचं म्हणणं, मी घरी परतत होते. टफ्ट्स विद्यापीठाच्या तुर्की विद्यार्थिनीला रस्त्यावर पकडलं, तिने कॉलेजच्या वर्तमानपत्रात सहलेखक म्हणून एक लेख लिहिला होता, बाकी काही नाही. दीड महिन्याने न्यायालयाने सोडलं. खलील १०४ दिवस लुइझियानात कोठडीत होता. एप्रिल २०२५ मध्ये तर देशभर हजारो मुलांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या, त्यात नुसता वाहतुकीचा दंड भरलेलेही होते. खटले पडले, महिनाअखेरीस नोंदी परत चालू झाल्या. माझ्या प्रयोगशाळेतला एक मुलगा त्या तीन आठवड्यांत सात किलो उतरला.

म्हणजे नुसतं उभं राहिलं तर? बहुतेक वेळा काही होत नाही. पण "पांगा" अशी सूचना झाल्यावर उभं राहणं म्हणजे वेगळं प्रकरण. ती सूचना कानावर पडली की निघायचं, मैत्रीण मागे राहिली असली तरी.

व्हिसाचं: जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाला समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, आणि अर्जात पाच वर्षांतली सगळी खाती लिहायची असतात. धरण्याचे फोटो घाईने पुसू नका, आणि खातं लपवून तर अजिबात ठेवू नका. भत्त्यासाठी बसलो होतो, हे बीकेसीत अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी सरळ सांगता येतं. खोटं सापडलं तर ते आयुष्यभर चिकटतं.

संपादक मंडळ

इस्रायल-पॅलेस्टाइन प्रश्नावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी चालू घडामोडींचा विभाग आहे. धागाकर्तीने विचारलेल्या प्रश्नाला धरून लिहा.

साने_गुरुजींचा_नातू

मुलीला एवढंच सांगा की लाला लजपतराय न्यूयॉर्कला होते तेव्हा त्यांनी बाबासाहेबांना आपल्या चळवळीत ओढायचा प्रयत्न केला होता. चरित्रकार लिहितात, बाबासाहेब म्हणाले, बडोद्याच्या महाराजांना शब्द दिलाय, आधी शिक्षण. शिष्यवृत्तीवर गेलेल्याने हेच करावं. आंदोलनं परत येऊन करता येतात, महाडचं तळं कुठे पळून चाललं होतं?

निळी_शाई

गुरुजींचे नातू, गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये गोल्डनवायझरच्या परिसंवादात जातींच्या उगमावर निबंध वाचला. वर्गात, प्राध्यापकांसमोर, बडोद्याच्या पैशावर. याहून राजकीय काय असतं? त्यांनी झेंडा निवडून घेतला, तोंडाला कुलूप नाही लावलं. "आधी शिक्षण" हे वाक्य आमच्या पोरांना गप्प करायला वापरू नका, आमच्या वस्तीत ते पुरेसं ऐकलंय.

तरीही ताई, व्यवहार म्हणून मी नातवाच्याच बाजूची आहे. वर्गात, निबंधात, सेमिनारमध्ये जे काय बोलायचं ते बोलू दे. तंबूत झोपायला जाऊ नको म्हणा, कारण तिच्या शेजारी झोपणाऱ्याचा पासपोर्ट अमेरिकेचा, निळा असेल. तिचाही निळाच आहे, पण तो निळा वेगळा.

आणि एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, की मुद्दाम टाळलात? तिकडे आपलीच माणसं भेटतात. दिवाळीच्या पार्टीत तिसऱ्या मिनिटाला "आडनाव काय म्हणालीस?" येतं. मी दुसऱ्या शहरात होते, माझ्या घरातल्या सहनिवासी मुलीने मी चिकन केलं त्या दिवसापासून भांडी वेगळी केली. तक्रार कुठे करायची तेच कळेना, कारण गोऱ्या अधिकाऱ्याला जात म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा तास गेला. आता निदान शब्द तरी पोचलाय. ब्रँडाइसने २०१९ मध्ये भेदभावाच्या धोरणात जात घातली, ब्राउनने २०२२ मध्ये, दोन्ही खासगी. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये, सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये. कॅलिफोर्निया राज्याचं विधेयक मात्र राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परत पाठवलं. मुलीला प्रवेश घेण्याआधी दोन्ही विद्यापीठांच्या भेदभावविरोधी धोरणात 'कास्ट' हा शब्द शोधायला सांगा. नसला तर 'वंश' आणि 'पूर्वज' या शब्दांखाली तक्रार बसते. घर शोधताना भारतीय मुलींच्याच घरात राहायचा हट्ट नको.

कोळीवाड्याची_लीना

मी अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू आहे, आता ठाण्याला. माझे प्रतिसाद उडाले नसतील अशी आशा 🙂

भाची बॉस्टनकडच्या एका खासगी विद्यापीठात होती, २०२३-२४ मध्येच. ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यानंतर ती गळ्यातली साखळी कुर्त्याच्या आत टाकून वर्गात जायची. तिला कुणी हात लावला नाही. पण ज्या तीन मुलींबरोबर रोज जेवायची त्यांनी टेबल बदललं, आणि का ते सांगितलं नाही. त्याच सुमाराला पॅलेस्टाइनच्या बाजूच्या मुलांचे फोटो आणि नावं लावलेले ट्रक हार्वर्डभोवती, कोलंबियाभोवती फिरवले गेले. भाचीच्या वर्गातल्या जॉर्डनच्या मुलीने आपला फोटो तिथे येईल या भीतीने महिनाभर तोंड झाकून ये-जा केली. दोघी एकाच मजल्यावर, दोघी घाबरलेल्या, एकमेकींना.

कोलंबियात २०२४ च्या एप्रिलमध्ये एका रब्बीने ज्यू मुलांना घरी जा असा निरोप पाठवला होता, ते वाचून माझी बहीण इथून विमान पकडायला निघाली होती. भाचीचं विद्यापीठ वेगळं हे तिला तीनदा सांगावं लागलं.

मला विचाराल तर मारहाणीपेक्षा हे टेबल बदलणं मुलांना जास्त लागतं. लेकीला पहिल्याच महिन्यात राजकारणाशी संबंध नसलेला एखादा गट धरायला सांगा. भाची बॅडमिंटनवर तरली.

तळटीप

राहिलेलं दोन ओळीत. घरच्या दारात अधिकारी आले तर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आहे का ते दाराआडून विचारायचं, खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीच्या कागदावर घरात घ्यावं लागत नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा नंबर आणि एका इमिग्रेशन वकिलाचा नंबर कागदावर लिहिलेला असावा, फोन हातात असेलच असं नाही.

आणि काकू, तुमच्यासाठी: १९७४ च्या एका कायद्याने तिथे विद्यार्थ्याची कागदपत्रं, गुण, शिस्तभंगाची कारवाई, हे काहीही आईवडिलांना कळवायचं तर मुलाची लेखी संमती साधारणपणे लागते. फी तुम्ही भरली तरी तुम्ही फोन केलात तर ते नम्रपणे काही सांगणार नाहीत. जायच्या आधी तिच्याशी बोलून त्या संमतीच्या फॉर्मवर सही घ्या.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. निळी_शाई, मुद्दाम टाळलं होतं. बरं केलंत.

काल रात्री सगळा धागा तिला मोठ्याने वाचून दाखवला. लजपतरायांच्या जागी तिने मान डोलावली, गोल्डनवायझरच्या जागी उठून बसली, त्यावरून काय ते समजले. दोन्ही विद्यापीठांच्या नियमपुस्तिका तिने उतरवून घेतल्या आहेत आणि पेन्सिलने खुणा करत बसली आहे. मिशिगनचं पत्र निदान आता उघडलं. पण जाणार ती कोलंबियालाच, हे मला तिच्या पेन्सिलीवरून कळतंय.

इन्स्टाग्रामचे फोटो तसेच राहणार. ९६ ला गाडी बदलायची हे माझ्या डायरीत लिहून ठेवलंय, तिला पाठ आहे म्हणते.

त्या संमतीच्या फॉर्मवर मात्र सही करणार नाही म्हणाली. "मी सांगीन तेवढं कळेल तुम्हाला." तिच्या बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.